एकशे अडतीस-शहाऐंशी

दंडावर पट्टा आवळून हवा भरायची आणि मग ती हळूहळू सोडायची. पारा खाली यायला लागतो. सुरुवातीला कानात काहीच नसतं. मग दूरच्या नाल्यावर कुणी कपडे धोपटत असावं तसा आवाज येतो, टप्, टप्, टप्. तो सुरू होतो तो वरचा आकडा, विरतो तो खालचा. या दोन आवाजांच्या मधल्या जागेत माझी तीसेक वर्षं गेली. आधी फौजेत नर्सिंग असिस्टंट म्हणून, मग अमरावतीला माजी सैनिकांच्या दवाखान्यात. उन्हाळ्याच्या दुपारी, कूलरची घरघर चालू असताना, त्या आवाजानं मला गुंगी येई. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होई, फक्त त्याचा दंड उरे, आणि पाऱ्याची ती चंदेरी काडी.

जे लिहितो आहे ते आजवर तीन माणसांना सांगितलं. दवाखान्याला दिलेला चार ओळींचा खुलासा सोडला तर कागदावर पहिल्यांदाच येतं आहे.

डोंगरातल्या एका छावणीत माझी पोस्टिंग होती. पत्र्याची खोली, बाहेर धुकं, आत रॉकेलच्या शेगडीचा वास. महिनोन्महिने मराठी कानावर पडत नसे. एके दिवशी तपासणीच्या रांगेतला एक नाईक माझ्याकडे निरखून पाहायला लागला. मी दुसऱ्या कुणाला तरी हिंदीत 'बसून घ्या' म्हणालो होतो, पण माझं हिंदी काय हिंदी!

"काहून बे," तो म्हणाला, "वऱ्हाडातला हायस काय तू?"

मी परतवाड्याकडचा, तो तेल्हाऱ्याचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्या दिवसापासून तो मला 'डागदर' म्हणायला लागला, आणि पुढं तो हवालदार झाल्यावर मी त्याला 'हवालदारसाहेब'. आजही तेच चालू आहे.

तो हवालदार झाला त्यात माझाही हात आहे, ते सांगायचंय.

बढतीच्या कोर्सला जायचं तर तब्येत पास व्हावी लागे. त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा सोडली, आणि आवाज फार वरूनच सुरू झाला. एकशे चौसष्ट. खालचा एकशे चार. वय सत्तावीस, पोट आत, दंड बैलाच्या मानेसारखा. मी म्हटलं, बसा पाच मिनिटं, पाणी प्या, डोळे मिटा. पुन्हा मोजलं. एकशे साठ.

"डागदर," डोळे मिटूनच तो म्हणाला, "कागद खराब झाला तं आयुष्यभर नाईकच राहीन गड्या मी."

मी लिहिलं, एकशे अडतीस-शहाऐंशी.

हा आकडा मला एका म्हाताऱ्या सुभेदारानं शिकवला होता. एकशे वीस-ऐंशी लिहिलं की डॉक्टर म्हणतो, न मोजताच लिहिलं. एकशे चाळीस-नव्वद लिहिलं की दोन आठवड्यांनी परत बोलावतो. एकशे अडतीस-शहाऐंशी लिहिलं की पान उलटतो. आमच्यात याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. गोळीच्या पुढं उभा राहणाऱ्या माणसाला पाऱ्यानं मारायचं काय? आपल्या माणसासाठी एवढं करायचंच असतं. मीही केलं, आणि रात्री गाढ झोपलो.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा धाकट्या बहिणीसाठी स्थळं पाहणं चालू होतं. मीच त्याचं नाव सुचवलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "तब्येतीनं कसा हाय?"

"एकदम फस्ट क्लास," मी म्हणालो.

म्हणताना मला ती पाऱ्याची काडी दिसली होती. क्षणभरच. मग बाहेर कुणीतरी आलं, आई चहा घेऊन आली, आणि ती काडी विरघळून गेली. लग्न झालं. बहीण सुखात होती, अजूनही आहे असं मला म्हणायचंय, पण ते म्हणायचा अधिकार तिचा.

वर्षं कशी गेली ते नीट आठवत नाही. आठवतात ते दंड. मी निवृत्त होऊन अमरावतीच्या दवाखान्यात लागलो. तो निवृत्त होऊन अकोल्याला एका गोदामावर सुरक्षारक्षक झाला. कंपनीला दरवर्षी तब्येतीचा कागद लागे, आणि त्यावर आमच्या दवाखान्याच्या पुस्तिकेतला आकडा चढे. तो एस.टी.नं येई, बाहीचं बटण सोडून माझ्यासमोर बसे. मी मोजत असे, ऐकत असे, आणि लिहीत असे. एकशे अडतीस-शहाऐंशी. कधी चवीपुरतं चौऱ्याऐंशी. आकडा काठावरचा म्हणून डॉक्टर बीपीची एक बारीकशी गोळी चालू ठेवत.

या काळात त्याच्या पायांना काहीतरी होत होतं. सकाळी उठताना ते ऐकत नसत. "पायात सरकी काढलेला कापूस भरला असं वाटते," तो म्हणे. बोटं आखडून यायची. तहान लागायची, सारखं लघवीला जावं लागायचं. आमच्याकडं कमजोरी आली की तिला तीनच कारणं, ऊन, वय नाहीतर बाटली. तो पीत नव्हता आणि म्हातारा नव्हता, म्हणून उन्हावर ठरलं. बहिणीनं मला फोन करून विचारलं, काय देऊ? मी सांगितलं, ताकात चांगलं चिमूटभर जास्त मीठ टाकून दे, दोन्ही वेळ.

तिनं ते वर्षानुवर्षं दिलं. मोठ्या पितळी गिलासात.

मग अकोल्यात, वैशाखातल्या एका दुपारी, गोदामाच्या फाटकाशी बसल्या बसल्या त्याच्या डाव्या हातातून रजिस्टर गळून पडलं. उचलायला गेला तर हात आपला नव्हताच. मी अमरावतीहून पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात निजवलं होतं, तोंड थोडं वाकडं, डोळे शांत. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी बीपी होतं का?

बहिणीनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तिका काढली. पानं उलटून दाखवली.

"बराबर ताब्यात होतं सायेब," ती म्हणाली. तिच्या आवाजात किती अभिमान होता! "माहा भाऊच तपासते ना."

मी तिच्या मागं उभा होतो. समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यातल्या चित्रात धबधबा होता, चिखलदऱ्याचा असावा. मी त्या पाण्याकडं पाहत राहिलो. डॉक्टर म्हणाले, मग ताणामुळं एकदम वाढलं असेल. तीन गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक लघवीची.

नोकरी सुटली, दोघं तेल्हाऱ्याच्या घरी परतले. हात बराचसा परत आला, पण पूर्ण नाही. डाव्या तळहाताची वाटी होत नाही. संत्रं सोलायला घेतलं की निसटून जमिनीवर गडगडत जातं. तो हसतो आणि म्हणतो, "पळालं पोट्टं." मग बहीण सोलून देते.

यानंतर तरी मी खरं लिहायला हवं होतं. मी अर्धं खरं लिहायला लागलो. एकशे पंच्याहत्तर भरलं तर एकशे पन्नास. एकदम खरा आकडा आला असता तर मागच्या सगळ्या पानांनी तोंड उघडलं असतं.

दवाखान्यात नवीन डॉक्टर बाई आल्या त्या पुण्याकडच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मला 'काका' म्हणत. आमची बोली ऐकून आधी त्यांना वाटायचं की सगळे एकमेकांशी भांडतायत. त्यांनी त्याची पुस्तिका चाळली आणि रक्त तपासायला लावलं. पोटॅशियम फार कमी निघालं. त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी, दोन्हीकडं एकेक. तिच्यातून एक हार्मोन पाझरतं, त्याचं काम अंगातलं मीठ धरून ठेवायचं. कधीकधी ग्रंथी थांबायचं विसरते. मग शरीर मीठ साठवत जातं, पोटॅशियम सांडत जातं, बीपी वर आणि पाय गळालेले.

"हा आजार तसा दुर्मिळ नाही काका," त्या म्हणाल्या. "शोधलाच जात नाही. त्यातून फौजी लोक, दुखलं म्हणून सांगत नाहीत. पण अशा केसमध्ये बीपी वर्षानुवर्षं हट्टी असतं, गोळ्यांना दाद देत नाही. यांचं तर एका छोट्या गोळीवर छान होतं." त्यांनी पुस्तिकेवरून बोट फिरवलं. "एकशे अडतीस, एकशे अडतीस... मग लघवीच्या गोळीनंच पोटॅशियम उतरलं असणार. ठीक आहे. ती गोळी बदलू."

त्यांनी फाइल मिटली.

मी पट्टा गुंडाळून ठेवला. घरी गेलो, जेवलो. तीन दिवस दवाखान्यात दंड येत राहिले, आणि प्रत्येक दंडात मला एकच आवाज ऐकू यायचा, फार वरून सुरू होणारा. चौथ्या दिवशी दुपारी, बाई डबा खात होत्या, मी आत गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. ते आकडे माझे आहेत. त्याचे नाहीत.

त्यांचा घास हातातच राहिला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "अजून किती जणांचे?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

"मोजलं नाही," मी म्हणालो.

"मग मोजा." त्यांनी ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढून दिली. "आणि हे मला वर सांगावं लागेल, काका."

त्यांनी सांगितलं. माझा लेखी खुलासा घेतला गेला, आणि बीपीच्या खोलीतून मला रजिस्टरच्या टेबलावर बसवलं. खोलीत आता यंत्र आहे. ते स्वतःच हवा भरतं, स्वतःच सोडतं आणि आकड्याची चिठ्ठी बाहेर काढतं. त्याला तेल्हारा कुठं आहे ते ठाऊक नाही.

हवालदारसाहेबांच्या त्या हार्मोनच्या तपासणीची तयारी तीनेक आठवडे चालली. काही गोळ्या बदलल्या, पोटॅशियमचं औषध दिलं. बाईंनी सूचना लिहून दिल्या. सकाळी उठल्यापासून दोन तास आडवं व्हायचं नाही, बसायचं, उभं राहायचं, फिरायचं. मग थोडा वेळ खुर्चीत बसवून रक्त घ्यायचं. नळी बर्फात ठेवायची नाही. तो आदल्या संध्याकाळीच माझ्या घरी येऊन राहिला, आणि सकाळी आम्ही वडाळी तलावावर गेलो.

पौषाचे दिवस होते. तलाव असा नव्हताच, नुसती पांढरी वाफ होती, आणि त्यात मधूनच पाणकोंबडीचा काळा ठिपका सरकत होता. आम्ही दोघं मफलर गुंडाळून हळूहळू चालत होतो. पुन्हा त्या छावणीत आलोय असं वाटत होतं, फक्त शेगडीचा वास नव्हता. त्याचा डावा पाय मातीत हलकी रेघ ओढत होता.

"हवालदारसाहेब," मी म्हणालो, "एक सांगाचं हाय."

"सांग ना. कायले कडू बदाम लागल्यावानी तोंड केलं?"

"तुमचं बीपी म्या खोटं लिवत होतो."

तो मोठ्यानं हसला. "आता घ्या! अबे, ते मले माईत नाई काय? माह्याचसाठी तं लिवत होता तू."

"कितीनं खोटं, ते माईत हाय?"

"असंन पाच-धा."

"वीस," मी म्हणालो. "कधी तीस. हात गेला त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत तं चाळीस. एकदा पन्नास."

तो थांबला. धुक्यात माणूस थांबला की त्याच्याभोवती धुकं जास्तच दाट होतं असं वाटतं. त्यानं डावा हात मफलरच्या आतून बाहेर काढला आणि त्याच्याकडं पाहिलं. बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर येऊन राहिली.

"पन्नास," तो म्हणाला.

बाजूला दगडी ओटा होता. तो बसला. मीही बसलो. तेव्हा सांगितलं असतं तरी या आजाराचं कुणाच्या ध्यानात आलं असतं असं नाही, हे मी म्हणू शकलो असतो. खरंही असेल ते. म्हटलं नाही. पाण्यावरून ऊन येत होतं, दुधात हळद पडल्यासारखं, आणि पलीकडच्या काठावर एकेक झाड तयार होत होतं.

"मी तुले पाच-धाच मांगतले होते, डागदर," शेवटी तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "बाकीचे तू आपल्या मनानं देले."

मी मान हलवली.

"तिले सांगतलं?"

"नाई."

"तिले तू सांग. माह्या तोंडून नाई निंघत." मग त्यानं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "किती राह्यला टाइम?"

"चाळीस मिनिटं."

"मंग चाल. बसून काय करतं?" उजवा हात माझ्या खांद्यावर टेकून तो उठला. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं.

रक्ताचा अहवाल यायला दिवस लागले. बाईंना जे वाटलं होतं तेच निघालं. अकोल्यात स्कॅन केला, डाव्या ग्रंथीवर वाटाण्याएवढी गाठ दिसली. ऑपरेशन करायचं तर त्याआधी मोठ्या शहरात जाऊन अजून एक अवघड तपासणी करावी लागणार होती. तो म्हणाला, आधी गोळीनं पाहू. या आजाराचीच गोळी आहे, जुनी, साधी, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. इतकी वर्षं ती तिथंच होती, काचेच्या मागं.

अहवाल आला त्याच आठवड्यात मी तेल्हाऱ्याला गेलो. बहीण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, दोन शेंगा हातात घेतल्या आणि सांगितलं. सगळं, छावणीपासून. तिचे हात थांबले नाहीत. हिरवे दाणे टोपल्यात पडत राहिले.

"लग्नाच्या आधीपासून?" तिनं विचारलं.

"हाव."

"बाबाले माईत होतं?"

"नाई."

बऱ्याच शेंगा झाल्या. मग ती म्हणाली, "म्या त्या डॉक्टरले पुस्तक काढून दाखोलं, दादा. तू मांगंच उभा होता."

टोपलं उचलून ती आत गेली. त्या दिवशी मला तिच्या घरी चहा मिळाला नाही. पावणा दारातून बिनचहाचा परत जाणं आमच्याकडं काय असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी बसस्टँडवर आलो, पोपटी रंगाच्या त्या दोन तुरीच्या शेंगा अजून माझ्या मुठीतच होत्या.

लाल पेन्सिलीचं काम मी संपवलं. माझ्या अक्षरातले एकशे अडतीस शोधत जुनी रजिस्टरं काढली. प्रत्येक आकड्यामागं एक दंड होता, आणि बरेचसे मला आठवले. एकेकाला फोन केला. काहींनी शिव्या दिल्या, काहींना हसू आलं, एका घरी फोन त्याच्या बायकोनं घेतला आणि म्हणाली, ते तर गेले, दोन वर्षं झाली. कशानं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत फोन केला आणि विचारलं. डॉक्टर बाई आता अशा सगळ्यांची ती तपासणी करून घेतात, ज्यांचं बीपी तीन गोळ्यांनाही दाद देत नाही. आणखी तिघांमध्ये तोच आजार सापडला. त्यातला एकजण हवालदारसाहेबांसारखंच मला 'डागदर' म्हणायचा. आता काहीच म्हणत नाही.

तेल्हाऱ्याला मी एक रविवार आड जात राहिलो. त्यानंच बोलावलं होतं. यंत्राच्या चिठ्ठीवर त्याचा विश्वास नाही. माझ्यावर असावा, असं कुठल्या तोंडानं म्हणू? बहीण व्हरांड्यात टेबल-खुर्ची मांडून आत निघून जाई. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येई, पण ती येत नसे.

महिन्याभरात त्याचे पाय परत यायला लागले. हात न टेकता उकिडवं बसून उठून दाखवलं त्यानं मला, पोरासारखं. मध्ये एकदा कुजबुजला, "डागदर, छाती हुळहुळते बे. या वयात दूध पाजाले लावतं काय मले?" गोळीचा तो परिणाम असतो. बाईंनी दुसरी दिली. हात मात्र आहे तसाच आहे. तो तसाच राहणार.

गेल्या रविवारी मी पट्टा बांधत होतो तेव्हा दारात सावली पडली. बहीण बाहेर आली. तिच्या हातात रेघांची वही आणि पेन होतं. ती पायरीवर बसली, वही मांडीवर उघडली, तारीख लिहिली.

मी हवा भरली, सोडली. कानात शांतता. मग नाल्यावर कुणीतरी कपडे धोपटायला लागलं. खाली, पूर्वीपेक्षा खूप खाली.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे बेचाळीस. अठ्ठ्याऐंशी."

"चार कमी करून टाक ना बे," तो म्हणाला. "आपलंच घर हाय."

कुणी हसलं नाही. मग तिच्याच ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि गेलं. तिनं खाली मान घालून एकशे बेचाळीस लिहिलं, तिरकी रेघ ओढली, अठ्ठ्याऐंशी लिहिलं, आणि वही माझ्याकडं वळवून धरली. मी वाचलं. बरोबर होतं.

"आता डाव्या हाताचं पाह्य," ती म्हणाली.

मी त्याचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला, पट्टा बांधला, आणि ऐकायला लागलो.